गुणाचे बाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी हिर्डोशी येथे केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंनी फारच गळ घातली म्हणून उभी राहिले. मी डॉक्टरीण नाही, सुईणही नाही. पण एक गोष्ट माझ्यावरून गेली आहे, ती सांगते.

माझे पहिले मूल 1981 च्या आषाढात घरीच झाले. मुलगी होती. तीन दिवस तिने घर डोक्यावर घेतले. चौथ्या दिवशी गप्प झाली. पाजायला घेतली की दोन घोट घेई आणि डोळे मिटी. येणारी-जाणारी म्हणे, "काय गुणाचं बाळ गं! आईला त्रास म्हणून नाही." खरे सांगते, मलाही बरेच वाटले, तीन रात्रींनी डोळ्याला डोळा लागला होता. संध्याकाळी तिचे पाय गार लागले. आपल्या हिरडस मावळातला पाऊस, हवाच गार, असे म्हणून मी आणखी एक दुपटे घातले. रात्री पोट उडू लागले, तेव्हा सासूबाईंनी बिब्बा घातला. त्या माउलीचा तरी काय दोष? त्यांना त्यांच्या सासूने तेच शिकवले होते. पाचवीच्या पूजेचे सामान कोनाड्यात तसेच राहिले.

पुढे मला समजले ते असे. मोठ्या माणसाच्या अंगात जंतू पसरले की ताप चढतो, माणूस कण्हतो. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप येतोच असे नाही. उलट अंग गार पडते, आणि ते रडण्याऐवजी रडणे सोडते. निरोगी बाळही पुष्कळ निजते, हे खरे. पण ते भुकेला उठते, ओढून पिते. तळपायाला टिचकी मारूनही जे उठत नाही, कालपर्यंत पीत होते आणि आज पीत नाही, ते गुणी नव्हे, आजारी आहे.

पोटाला आणि पायाला हाताची मागची बाजू लावून पाहा. पोट गरम आणि पाय गार, तर आईच्या उघड्या छातीशी धरावे. दोन्ही गार, तर वाट पाहू नये. श्वास मोजावा, तोही पुरा एक मिनिट. 60 किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली छाती आत जाऊ लागली, तर निघावे. नाळेतून पू, फुगलेले पोट, झटके, पहिल्याच दिवशी आलेला पिवळेपणा किंवा पुढे तळव्यांपर्यंत गेलेला, हेही तसेच. बिब्बा, डाग मात्र नको.

हे ओळखायला फार शिकलेले असावे लागत नाही. गडचिरोलीकडे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत तिथल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघर जाऊन बाळे तपासत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. आपली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, तो त्याच कामाचा विस्तार. ती आली की चहा पाजून लगेच वाटेला लावू नका. बाळ उघडे करून दाखवा.

सुना म्हणतील, सासूबाई निघू देत नाहीत. म्हणूनच आज सासवांना मुद्दाम पुढे बसवले आहे! पावसात घाटाच्या अंगाला दरड येते, रस्ता अडतो. तेव्हा सकाळपर्यंत बघू म्हणू नका. 108 ला फोन करावा, भोरच्या सरकारी दवाखान्याकडे निघावे, आणि वाटेत बाळ आईच्या अंगाशी उघडे धरून वरून पांघरूण घ्यावे, डोक्याला टोपडे. पीत असेल तर पाजत राहावे.

माझ्याकडे सेकंदकाट्याचे घड्याळ आहे. चहा होईपर्यंत त्या कोपऱ्यात निजलेल्या तान्ह्याचे श्वास आपण एकदा मिळून मोजू. त्याच्या आईला मी विचारले आहे.