सर्वांत मोठा बास कुठे सापडतो?

गळ टाकणाऱ्या माणसाला एकच पत्ता हवा असतो : मोठा मासा कुठे आहे? माझा भाचा डॅलसला असतो. सुट्टी लागली की ‘मामू, तळ्यावर चाललो’ असा त्याचा फोन येतो. त्याच्यामुळे मलाही लार्जमाउथ बासचा नाद लागला. गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, रुंद जबड्याचा हा मासा. बेडूक असो की लहान मासा, दिसेल ते गिळतो. तिकडे मोठा बास गळाला लागणं म्हणजे आपल्याकडे मैदान मारून गदा घरी आणण्यासारखं.

त्याच्या नकाशावरचं पहिलं ठिकाण जॉर्जिया राज्यात आहे. ओकमल्गी नदीने वाट बदलताना मागे सोडलेल्या वळणात मॉन्टगोमेरी लेक नावाचं तळं होतं. २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने तिथे २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त बास धरला. मंदीचे दिवस होते. मासा दुकानात तोलला, घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. विक्रम तेवढा कागदावर राहिला. मला हा हिशेब फार आवडतो. पण आज तिथे गळ घेऊन जाऊ नका. तळं गाळाने भरत गेलं आहे.

आज मोठा बास हवा तर फ्लोरिडाच्या वाणाचे बास सोडलेलं, उबदार हवेतलं, भरपूर खाद्य असलेलं पाणी शोधायचं. हा योग बहुधा माणसानेच जुळवून आणलेला असतो. डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावर लेक फोर्क हे धरणाचं पाणी आहे. १९९२ च्या जानेवारीत तिथे १८.१८ पौंडांचा बास मिळाला, तो टेक्सासचा विक्रम. तेरा पौंडांहून मोठा मासा पैदाशीसाठी राज्याच्या मत्स्यविभागाला उसना देण्याची योजना तिथे १९८६ पासून आहे. मादी केंद्रात नेतात, अंडी घेतात आणि तिला परत तळ्यात सोडतात. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणावं तसा सगळा थाट! मोसम जानेवारी ते मार्च, माद्या अंड्यांनी जड असतात तेव्हाचा.

कॅलिफोर्नियात डिक्सन लेक नावाचा लहानसा जलाशय आहे. गळवाल्यांसाठी तिथे ट्राउट सोडत, आणि ते खाऊन बास फुगत. २००६ मध्ये तिथल्या एका मादीचं वजन २५ पौंड १ औंस भरलं. पण गळ तोंडात नव्हे, अंगात रुतला होता. म्हणून धरणाऱ्यांनी विक्रमावर दावा केला नाही, तिला सोडून दिलं. जबड्याखालच्या काळ्या ठिपक्यामुळे लोक तिला ‘डॉटी’ म्हणत. २००८ मध्ये ती मेलेली सापडली.

आता थेट जपान. शिगा प्रांतातलं बिवा सरोवर सुमारे ६७० चौरस किलोमीटरचं आणि लाखो वर्षांचं जुनं. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी तिथे पेरीच्या माशाहून जेमतेम एका औंसाने जड बास धरला. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी मानली गेली. म्हणजे गळवाल्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर जॉर्जियापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहे.

पण बास जपानचा नाहीच. तो १९२५ मध्ये अमेरिकेतून आणला गेला. कुरितांनी आमिष लावलं होतं जिवंत ब्लूगिलचं. तोही अमेरिकेचाच. १९६० मध्ये युवराज अकिहितो यांना तो भेट मिळाला आणि त्यांनी तो देशातल्या संशोधकांना दिला. २००७ मध्ये, सम्राट असताना, त्यांनी शिगामध्येच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सम्राटाने एका माशासाठी खेद मानावा, ही मला कवितेहून मोठी गोष्ट वाटते.

खेदाला कारण होतं. बिवात निगोरोबुना नावाचा स्थानिक मासा आहे. मिठात मुरवून, मग भातात महिनोन्‌महिने आंबवून त्याचा ‘फुनाझुशी’ करतात. काठची लव्हाळी आटली आणि त्यात हे परके पाहुणे पिल्लं खाऊ लागले, तसा तो घटत गेला. आपल्याकडे भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी घेताना ही आफ्रिकेची जात आहे, हे कुणाच्या मनात येतं? कोळ्याचं घर तिच्यावर चालतं. बिवातही बासवर नावाडी आणि गळाची दुकानं जगतातच. एकाच्या तोंडचा घास तो दुसऱ्याच्या ताटातला.

म्हणून बिवाला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ठरवावी. टेक्सासमध्ये ज्या माशाला मानाने परत सोडतात, त्यालाच बिवात परत सोडायला २००३ पासून मनाई आहे. काठावर त्यासाठी पेट्या ठेवल्या. धरलेला बास किंवा ब्लूगिल त्यात टाकायचा. नाहीतर शिजवायचा. बिवाच्या संग्रहालयातल्या उपाहारगृहात बासचे तळलेले तुकडे गरम भातावर घालून वाढले गेले आहेत. मांस पांढरं असतं. उग्र वास कातडीला, म्हणून ती आधी काढतात.