तापणारी जीप आणि तिचे निदान

नांदेडपासून वीसपंचवीस किलोमीटरवर मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाला येथेच आदिलाबादचा फाटा फुटतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथील मीटरगेजचे रूळ जाऊन रुंद रूळ आले; परंतु त्याहीपूर्वी ज्यांनी या स्थानकावर वाफेची एंजिने पाणी पिताना पाहिली, त्यांना पाणी आणि विस्तव यांचे नाते निराळे सांगावयास नको. वाफेच्या एंजिनाचा सारा खटाटोप पाणी उकळविण्यासाठी असे. मोटारीच्या एंजिनात मात्र तेच पाणी उकळू नये म्हणून खटाटोप करावा लागतो. मुदखेडची दुसरी ओळख फुलांची. या भागातील बागाईतदार पहाटे फुले खुडतात व ती ऊन चढण्याच्या आत बाजारात पोचवितात. वाटेत एंजिन तापून गाडी तासभर उभी राहिली, तर फुलांची टवटवी जाते आणि तिच्याबरोबर त्यांचा भावही जातो.

समजा, अशाच एका बागाईतदाराजवळ एक जुनी पेट्रोल जीप आहे. मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे तीच गाडी खेडोपाडी पोचली. पेट्रोल महागत गेले, तसतशी लोकांनी त्या जुन्या जीपमधील एंजिने काढून त्यांच्या जागी डिझेलची बसविली. (एंजिन असे बदलावयाचे तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आधी परिवहन कचेरीची परवानगी घ्यावी लागते. तिची आठवण पुष्कळांना काम झाल्यावर होते, हा भाग वेगळा.) आपल्या बागाईतदारानेही तेच केले. थंडीचे चार महिने गाडी उत्तम चालली. मार्च सरला आणि मीटरवरील काटा लाल रेघेकडे धावू लागला. मिस्त्रीकडे नेली, तेव्हा त्याने बॉनेट उघडून क्षणभर पाहिले व सांगितले, "काका, रेडिएटर बारका पडायलाय. मोठा टाकू." मोठा रेडिएटर बसला, थर्मोस्टॅट काढून फेकला गेला, पाच लिटर पाण्याचा डबा मागच्या बाकाखाली कायमचा राहावयास आला. तरी एंजिन तापावयाचे ते तापतेच.

मिस्त्रीचे म्हणणे वरवर पटण्याजोगे आहे. एंजिनात जळणाऱ्या इंधनाची उष्णता ढोबळ मानाने तीन वाटांनी जाते: एक तृतीयांश चाके फिरविण्यास, एक तृतीयांश धुराड्यातून आणि उरलेली पाण्यात. ही शेवटची वाटणी रेडिएटरने हवेत टाकावयाची असते. आता रेडिएटर किती उष्णता टाकील, हे पाणी व हवा यांच्या तापमानातील अंतरावर ठरते. जानेवारीच्या सकाळी हवा 25 अंशांवर आणि पाणी 95 अंशांवर असेल, तर अंतर 70 अंशांचे होते. मे महिन्यातील दुपारी मराठवाड्यात हवाच 44 अंशांवर गेली, की अंतर 51 वर येते. तोच रेडिएटर चौथाईहून अधिक शक्ती गमावून बसतो. थंडीत झाकलेले दोष उन्हाळ्यात उघडे पडतात ते यामुळे. परंतु एवढ्यावरून रेडिएटर लहान आहे असे ठरत नाही. डिझेलचे एंजिन तेवढ्याच कामासाठी पेट्रोलच्या एंजिनापेक्षा सामान्यतः कमी उष्णता पाण्यात सोडते. जो रेडिएटर पेट्रोल एंजिनाला पुरत होता, तो साधारण तेवढ्याच ताकदीच्या डिझेलला एकाएकी अपुरा का पडावा? हा प्रश्न विचारला गेला असता, तर बागाईतदाराचा बराचसा पैसा वाचला असता.

मूळच्या कारखान्यात गाडीचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला जोखून बसविलेला असतो. एंजिन बदलले, म्हणजे ते नाते तुटते. म्हणून अशा गाडीत दोष सुट्या भागात शोधण्याआधी तो दोन भागांच्या सांध्यात शोधावा.

पहिला सांधा काट्याचाच. एंजिनात बसविलेली तापमान मोजणारी कळ एका बनावटीची आणि समोरचा मीटर दुसऱ्या बनावटीचा असला, तर काटा बिनदिक्कत खोटे सांगतो. 85 अंशांना तो 105 दाखवील, किंवा याच्या अगदी उलट, जे अधिक घातक आहे. गाडी थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाण्यात साधा उष्णतामापक सोडावा, एंजिन सुरू करावे, आणि पारा व काटा शेजारी शेजारी वाचावेत. हल्ली दुरून तापमान सांगणारी लहानशी यंत्रेही बाजारात मिळतात. या पाच मिनिटांच्या कामाने कित्येक आजार औषधाविनाच बरे झालेले आढळतील. मात्र आपल्या जीपचा काटा खरे बोलतो असे ठरले. म्हणजे पुढे जाणे आले.

यानंतरचा प्रश्न वैद्याचा आहे. ताप आहे हे कळले. पण तो केव्हा चढतो? बागाईतदाराला नीट विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना काटा मधोमध असतो. नांदेडच्या गर्दीत शिरले, किंवा उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेमागे रखडले, की तो वर जातो. माहूरगडाच्या चढावर, पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये, तर हमखास. आणि गडावरून उतरू लागले, की आपोआप खाली येतो. एवढ्या माहितीत निम्मे निदान झाले. वेगाने जाणाऱ्या गाडीत वारा आपण होऊन रेडिएटरमधून घुसतो. पंख्याची फारशी गरज राहात नाही. गाडी उभी राहिली किंवा रांगू लागली, की सारा भार पंख्यावर येतो. याच वेळी एंजिन तापत असेल, तर संशय हवेच्या वाटेवर घ्यावा. उलट, गर्दीत थंड आणि भरधाव वेगात गरम, असा प्रकार असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असावा, पंप पुरेसे पाणी फिरवीत नसावा, किंवा एंजिनच गरजेपेक्षा अधिक उष्णता निर्माण करीत असावे. आणि सकाळी गाडी सुरू करताच दहा मिनिटांत काटा वर उडत असेल, तर तो प्रकार तिसराच. त्याकडे मागाहून वळू.

हवेची परीक्षा वर्तमानपत्राच्या एका पानाने होते. एंजिन गरम होऊन मंद चालू असताना ते पान पुढच्या जाळीवर धरावे. पंखा हवा ओढीत असेल, तर पान जाळीला चिकटून राहिले पाहिजे. या जीपच्या जाळीवर ते फक्त खालच्या एका कोपऱ्यात, बशीएवढ्या जागेत चिकटले. वरचा भाग फडफडत राहिला. कारण बॉनेटखाली पाहताच समजले. मूळच्या एंजिनाचा पंखा रेडिएटरच्या मध्याशी आणि जवळ होता. नवे एंजिन आखूड आणि बैठे. त्याचा पंखा चार बोटे मागे व खाली गेला. मूळचा पत्र्याचा घेर बसेना, म्हणून कारागिराने तो काढून टाकला होता. परिणाम असा झाला, की पंखा रेडिएटरमधून गार हवा ओढण्याऐवजी एंजिनाभोवतीचीच तापलेली हवा घुसळीत राहिला. तशात पुढे शोभेसाठी दोन मोठे दिवे आणि रुंद बंपर बसवून हवेचा दरवाजाही अर्धा झाकला होता. मोठा रेडिएटर येथे काय करणार? घरात खिडकी मोठी पाडली आणि तिच्यासमोर कपाट ठेवले, तशातला प्रकार.

विजेचा पंखा बसविलेल्या गाड्यांत आणखी एक गंमत आढळते. तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरतो व समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो. पंखा फिरताना दिसतो, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. कागदाची परीक्षा ही चोरी तत्काळ पकडते.

हवेनंतर पाणी. मराठवाड्यातील पुष्कळ विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते. घरातील बंबाच्या किंवा तपेल्याच्या आत जमणारा पांढरा थर गृहिणींच्या चांगला ओळखीचा आहे; तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि एंजिनाच्या पोटातही बसतो. वाफेच्या एंजिनांचे बॉयलर यासाठीच नियमाने धुवावे लागत. रोज थोडे थोडे विहिरीचे पाणी ओतणे हे तर दुखण्याला खतपाणी घालणे होय, कारण प्रत्येक वेळी नवे क्षार आत जातात. ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात सम प्रमाणात कूलंट, हे मिश्रण योग्य. कूलंट ही थंड देशांतील चैन आहे, अशी समजूत आहे; ती चुकीची आहे. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते आणि गंज रोखते. मात्र निव्वळ कूलंट भरणे हाही शहाणपणा नव्हे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. नळ्या चोंदल्या आहेत की नाहीत, हे वरच्या व खालच्या होज पाइपांचे तापमान सांगते. वरचा अतिशय गरम आणि खालचा जवळजवळ गार असेल, तर पाणी अडते आहे. दोन्ही सारखेच गरम असतील, तर पाणी फिरते आहे, पण हवा त्याची उष्णता घेत नाही. या जीपचे दोन्ही पाइप सारखेच पोळत होते, आणि कागदाची साक्ष त्यामुळे पक्की झाली.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत सर्वत्र रूढ आहे, आणि तिचा निषेध करणे अवश्य आहे. सुमारे 82 ते 88 अंशांवर उघडणारी ही झडप एंजिनाला लवकर योग्य उष्णतेवर आणते. पुष्कळ एंजिनांत रेडिएटरला वळसा घालणारी पाण्याची एक आडवाट असते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला, म्हणजे तोच ती बंद करतो. तो काढला, की आडवाट कायमची मोकळी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा थंड न होताच पुन्हा एंजिनात शिरतो. म्हणजे औषधानेच रोग वाढतो.

हवा व पाणी दोन्ही निर्दोष ठरली, तर उष्णता मुळातच अधिक निघते आहे काय, हे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा हिंदुस्थानात पुष्कळ मोटारींना व बसगाड्यांना लोणारी कोळशाच्या वायूच्या भट्ट्या जोडण्यात आल्या. त्याही बदललेल्या गाड्याच होत्या. कोळशाचा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून ठिणगी अधिक आधी पडावी लागते. ही जुळणी न करता गाडी हाकली, तर ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळते आणि कामाला न आलेली उष्णता हेडमध्ये व धुराड्याच्या तोंडाशी साठते. डिझेलच्या पंपाची वेळ मागे राहिली, तरी हाच परिणाम होतो.

आता तो तिसरा प्रकार. थंड गाडी सुरू करताच रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येऊ लागले, होज पाइप लगेच दगडासारखे ताठ झाले, तर हेडची गॅस्केट गेली असण्याचा संभव फार. किंवा नव्या जोडणीत पाण्याची टाकी हेडपेक्षा खाली बसल्यामुळे आत हवा कोंडली असावी. गॅसवर चालविलेल्या गाड्यांत, गॅस गरम करणाऱ्या भांड्याकडे नेलेले पाइप उंच गेले असतील, तर हवा नेमकी तेथे अडकते. एक दक्षता मात्र सर्वांनीच घ्यावी. दाबाच्या झाकणाखाली पाणी 100 अंशांच्या पुष्कळ वरही न उकळता राहते. गरम असताना झाकण काढले, की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. एंजिन बंद करून, निदान अर्धा तास थांबल्याखेरीज, झाकणाला हात लावू नये.

जीपचे पुढे काय झाले, हे श्रोत्यांना ऐकावेसे वाटेल. पत्रेकाराकडून पंख्याभोवती नवा घेर करून घेण्यात आला. पात्यांची निम्मी रुंदी त्याच्या आत राहील असा. दिवे जाळीसमोरून हलविले, थर्मोस्टॅट परत बसविला, आणि जुना रेडिएटर धुऊन पुन्हा चढविला. ज्येष्ठातील दुपारी बाजारातून परतताना, बैलगाडीमागे रखडूनही, काटा मध्याच्या किंचित वर थांबतो. मोठा रेडिएटर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे; तो विकत घ्यावयास मिस्त्री दोनदा येऊन गेला.