रिक्वेस्ट : नकाराला जागा ठेवणारा शब्द

'सर, एक रिक्वेस्ट होती.' बँकेच्या काउंटरवर, कॉलेजच्या ऑफिसात, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात हे वाक्य रोज ऐकू येतं. गंमत अशी की रिक्वेस्ट अजून करायचीच असते, तरी ती 'होती'. भूतकाळात ढकलली की मागणाऱ्याची जीभ जरा सैल होते आणि ऐकणाऱ्यालाही वाटतं, चला, फार काही अंगावर येणार नाही. इंग्रज माणूसही हेच करतो. 'आय वॉन्टेड टु आस्क' असं म्हणतो, आणि विचारायचं असतं ते त्याच क्षणी. पण 'रिक्वेस्ट' हा शब्द मात्र तो असा येता-जाता वापरत नाही.

इंग्रजीत 'रिक्वेस्ट' बहुतेक कागदावर आणि माइकवर राहते. पत्रात असते, सूचनाफलकावर असते, विमानतळावरच्या घोषणेत असते. जेवणाच्या टेबलावर 'आय रिक्वेस्ट यू टु पास द सॉल्ट' असं कुणी म्हटलं, तर बाकीचे घास थांबवून त्याच्याकडे बघतील. तिथे 'कुड यू पास द सॉल्ट?' एवढंच पुरतं. आपण इंग्रजी शिकलो ते पत्रलेखनाच्या तासाला, 'रिस्पेक्टेड सर' पासून. त्यामुळे पत्रातला शब्द आपल्या तोंडात बसला. घरी आलेल्या पाहुण्याला 'आय रिक्वेस्ट यू टु प्लीज सिट' म्हणणारा माणूस अत्यंत सभ्य असतो, फक्त त्याचं बोलणं सूचनाफलकासारखं लागतं.

आता थोडं व्याकरण, कारण इथे आपली हमखास गफलत होते. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' असं हजारो अर्जांत लिहिलेलं असतं. क्रियापद म्हणून वापरताना 'रिक्वेस्ट'ला 'फॉर' लागत नाही. 'आय रिक्वेस्ट टू डेज लीव्ह' म्हणावं. नाम म्हणून वापरलं की 'फॉर' येतं : 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. ही गफलत का होते, त्याचं माझ्या मते एक कारण आहे. मराठीत 'विचारणे' आणि 'मागणे' ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीतलं 'आस्क' दोन्ही करतं. वाट विचारायची असली तर नुसतं 'आस्क', पाणी मागायचं असलं तर 'आस्क फॉर'. शाळेत आपण घोकतो : मागणे म्हणजे 'आस्क फॉर'. मग जिथे जिथे मागणं आलं तिथे तिथे ते 'फॉर' आपोआप चिकटतं. चूक तर्काला धरून आहे, पण चूक आहे.

या शब्दाचं घराणं जुनं. लॅटिनमधल्या एका क्रियापदातून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि त्या क्रियापदाचा मूळ अर्थ शोधणं, मागणं असा. 'क्वेश्चन', 'क्वेरी', 'इन्क्वायरी' हे सगळे याच घरातले. सख्खा भाऊ म्हणजे 'रिक्वायर'. एकेकाळी 'रिक्वायर'चाही अर्थ नुसता मागणं, विनवणं असा होता. पुढे तो कडक झाला. क्रिकेटमध्ये 'रिक्वायर्ड रनरेट' म्हणतात तेव्हा त्यात विनवणी कसलीच नसते, षटकामागे नऊ हवेत म्हणजे हवेत. त्यालाच समालोचक 'आस्किंग रेट' म्हणतात, तेवढीच जुन्या अर्थाची झुळूक. 'डिमांड'चंही तसंच झालं. फ्रेंचमध्ये त्याचं मूळ क्रियापद आजही साधं मागणं-विचारणं दाखवतं, इंग्रजीत येऊन त्याने आवाज चढवला. या सगळ्या धामधुमीत 'रिक्वेस्ट' तेवढी मऊ राहिली.

पण ती खरंच मऊ आहे की नाही, हे शब्दावरून ठरत नाही. एकच कसोटी लावावी : समोरच्याला 'नाही' म्हणता येतं का? येत असेल तर ती रिक्वेस्ट. येत नसेल तर तो हुकूम, अंगावर कोणताही सदरा असो. आमच्या जिन्यात एक कागद लावलेला आहे. 'सर्व सभासदांना नम्र विनंती करण्यात येते की, गाड्या आपापल्या जागीच लावाव्यात. अन्यथा पाचशे रुपये दंड आकारण्यात येईल.' नम्र विनंती पहिल्या वाक्यात आणि दंड दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य वाचून मान डोलवायची आणि दुसरं वाचून गाडी हलवायची. 'करण्यात येते' हेही बघण्यासारखं. विनंती कोण करतंय, ते कुठेच नाही. इंग्रजीतलं 'यू आर रिक्वेस्टेड टु' याच जातीचं. कर्ता पडद्याआड, आणि पडद्यामागे काठी.

उलट जिथे बोलणं अगदी कोरडं वाटतं तिथे हा शब्द खरा असतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातलं बोलणं कधी ऐकलंत तर लक्षात येईल. 'प्लीज'ला तिथे फारसा वाव नाही. वैमानिक म्हणतो 'रिक्वेस्ट डिसेंट', म्हणजे खाली उतरायची परवानगी हवी आहे. नियंत्रक एक तर मंजुरी देतो, नाही तर 'अनेबल' म्हणतो, म्हणजे जमणार नाही. राग नाही, लोभ नाही. आणि उलट दिशेनेही तेच. नियंत्रकाने दिलेली सूचना पाळणं सुरक्षित नसेल तर वैमानिकही 'अनेबल' म्हणू शकतो. दोघांनाही नकाराचा शब्द ठरवून दिलेला आहे, म्हणून मागणाराही अडखळत नाही.

आपल्याकडे एसटीचा 'विनंती थांबा' असाच प्रामाणिक. कुणी उतरणारं असेल, कुणी हात केला, तर गाडी थांबणार, नाही तर पुढे जाणार. लंडनमध्ये अशा थांब्याच्या लाल पाटीवर 'रिक्वेस्ट' असंच छापलेलं असे. सरकारी नोकरीत मात्र हा शब्द खिशाला चाट लावतो. बदली दोन प्रकारची, प्रशासकीय आणि विनंती. प्रशासकीय बदलीत सामानसुमान हलवायचा भत्ता मिळतो. तुम्हीच म्हणालात की आईवडील थकलेत, मला गावाजवळ द्या, तर ती 'विनंती बदली', आणि टेम्पोचं भाडं तुमचं तुम्ही भरायचं. एका शब्दाची एवढी रोख किंमत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता रेडिओवर बसून फर्माईशीचं नाव न घेणं बरं नव्हे. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झाली, आणि पोस्टकार्डांवरून येणाऱ्या फर्माईशींनी झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर ठाऊक झालं. आपल्या आकाशवाणीवरच्या 'आपली आवड'लाही पत्रांचे असेच ढीग येत. इंग्रजीत ज्याला 'साँग रिक्वेस्ट' म्हणतात तिला आपण फर्माईश म्हणतो. आता हा शब्द फारसीतला, 'फर्मान'चा भाऊबंद. म्हणजे मूळ अर्थाने आज्ञाच! पण पोस्टकार्डावर दहा नावं लिहून, गाणं लागेल की नाही या काळजीत रेडिओला कान लावून बसणारा श्रोता ही आज्ञा किती अजिजीने करत असे. हुकुमाचा शब्द विनवणीला उतरला, आणि विनवणीचा शब्द जिन्यातल्या कागदावर हुकुमाला चढला.

घरात आपण मागतो कसं, हे मला या सगळ्यापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं. मराठीत 'प्लीज' नाही, म्हणून मराठी माणूस उद्धट, असा एक शेरा अधूनमधून ऐकू येतो. 'कृपया' आहे, पण तो पाटीवरचा शब्द. 'आई, कृपया पोळी वाढ' म्हणणाऱ्या मुलाला आई ताप आलाय का म्हणून हात लावून बघेल. आपली आर्जवं राहतात ती छोट्या छोट्या शब्दांत. 'जरा पाणी दे' यातल्या 'जरा'चा पाण्याच्या मापाशी काही संबंध नाही. तांब्याभर आणलं तरी चालतं. तो 'जरा' म्हणजे तुझे कष्ट थोडेच आहेत, असं आधीच सांगून ठेवणं. 'तेवढं दार लोटून घे' यातलं 'तेवढं' असंच. 'ये ना', 'दे की', 'बघ बरं', यातला प्रत्येक शेपटाचा शब्द 'प्लीज'चं काम करतो, आणि प्रत्येकाची चव निराळी. 'दे ना'मध्ये लाड आहे. 'दे की'मध्ये थोडी कुरकुर आहे, मघापासून मागतोय ही आठवण आहे.

मग क्रियापदाच्या पायऱ्या. दे, देतेस का, देशील का, द्याल का, द्यावे, आणि सगळ्यात वर 'द्यावे ही विनंती'. आपण एकेक पायरी चढतो तसतसा समोरचा माणूस लांबचा होत जातो. नवराबायकोत एखाद्या दिवशी 'देशील का जरा?' ऐकू आलं, तर शहाण्याने समजावं की सकाळी काहीतरी बिनसलंय.

शेजारच्या दारात तर मागणं मागण्याच्या रूपात येतच नाही. 'वहिनी, वाटीभर साखर आहे का हो?' हा प्रश्न व्याकरणाने साखरेच्या अस्तित्वाबद्दल आहे. वहिनींना तो बरोब्बर कळतो. साखर नसली, किंवा द्यायची नसली, तरी 'अगं बाई, आजच संपली' असं म्हणायला वाट मोकळी राहते. मागणारीने 'मला साखर द्या' असं म्हटलंच नव्हतं, त्यामुळे नकार मिळूनही तो मिळाला असं कुणाला वाटत नाही. इंग्रजांचं 'कुड यू' तरी याहून वेगळं काय करतं? तेही क्षमतेबद्दल विचारतं आणि मीठ मिळवतं. ज्यांना मराठी रांगडी वाटते त्यांनी एकदा चाळीच्या गॅलरीत तासभर उभं राहावं.

नम्रतेने मागितल्यामुळे केवढं काही उभं राहू शकतं, याचा एक दाखला सांगतो. 1969 साली अमेरिकेत संगणक एकमेकांना जोडायचं काम काही विद्यापीठांतले तरुण करत होते. नियम कुणी ठरवायचे, याचा पत्ता नव्हता. स्टीव्ह क्रॉकर हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतला पदव्युत्तर विद्यार्थी. टिपणं लिहून सगळ्यांना पाठवायची ठरली, पण वरचे कुणी म्हणतील, ही पोरं कोण नियम करणार? म्हणून त्याने टिपणाला नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्राय कळवावेत ही विनंती. सोबतच्यांची झोपमोड नको म्हणून रात्री न्हाणीघरात बसून त्याने ते लिहिलं, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. पहिल्या टिपणावर तारीख आहे 7 एप्रिल 1969. आज इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते याच नावाच्या मालिकेत, क्रमांक घालून प्रसिद्ध होतात. नियम पक्का झाला तरी मथळा तोच, रिक्वेस्ट. आपल्या मोबाइलवर एखादं पान उघडतं तेव्हाही फोन सर्व्हरला जे पाठवतो त्याला तंत्रज्ञ 'रिक्वेस्ट'च म्हणतात, आणि सर्व्हर ती नाकारूही शकतो. पान सापडलं नाही असं सांगणारा 'चारशे चार'चा आकडा कधी ना कधी सगळ्यांनीच पाहिला असेल.

शेवटी एका अशा जागेबद्दल, जिथे हा शब्द आपण अजून नीट वापरत नाही. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा. केंद्रीय कायद्याच्या इंग्रजी मजकुरात, कलम सहामध्ये, नागरिक जो अर्ज करतो त्याला 'रिक्वेस्ट'च म्हटलं आहे. शब्द मऊ, पण त्याच्या मागे कायदा उभा आहे. माहिती कशासाठी हवी, याचं कारण अर्जदाराला विचारता येत नाही, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. उत्तरासाठी तीस दिवस, आणि प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तास.

तरीही अर्ज लिहिताना आपला हात जुन्याच वळणावर जातो. 'तरी मेहेरबान साहेबांनी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून माहिती देण्याची कृपा करावी.' पलीकडचाही त्याच वळणाने विचारतो, 'कशाला हवीय हो तुम्हाला ही माहिती?' तिथे भांडायचं काही कारण नाही. अर्ज महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयात असेल तर जोडपत्र 'अ'चा नमुना भरावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, कोणत्या काळातली कोणती माहिती हवी ते दोन ओळींत लिहावं, आणि पोच घ्यावी. नकार इथेही मिळू शकतो. पण तो तोंडी 'साहेब नाहीत, उद्या या' असा देऊन चालत नाही. का नाकारलं, अपील किती दिवसांत करायचं आणि कुणाकडे करायचं, हे तिन्ही त्यांना अर्जदाराला लिहून कळवावं लागतं.