शंभर अर्ज, शून्य फोन: नोकरी शोधायचा दम कुठून आणायचा?

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द बदलतात, प्रश्न साधारण तोच असतो. "दादा, आठ महिने झाले, रोज अर्ज करतोय, एक फोन नाही. आता लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही. मोटिव्हेशन कसं टिकवू?"

रील बघून तर टिकत नाही, हे आधीच सांगतो. एक रील संपते, दुसरी सुरू होते आणि साडेबारा वाजतात. दुपारचे की रात्रीचे, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आपण म्हणतो, "इच्छा संपली म्हणून मी शोधत नाही." पण ती संपते कशी, हे बघायला तुम्हाला जरा लांब नेतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएनथाल नावाचं छोटं गाव आहे. सगळं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. लालबाग-परळमध्ये ज्यांचे आजोबा गिरणीत होते, त्यांना हे चित्र लगेच कळेल. तर 1930 च्या सुमारास, जागतिक मंदीत, ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव घरी बसलं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे संशोधक आपली टीम घेऊन तिथे गेले. याहोदा तेव्हा विशीतली, म्हणजे आपल्यातलीच. 1933 मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

आता यातली मजा ऐका. मजा कसली, अंगावर काटा येतो. गावात वाचनालय होतं. काम गेल्यावर लोकांकडे वेळच वेळ, शिवाय पुस्तकाची फीसुद्धा माफ केलेली. वाचन वाढायला हवं ना? पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. या मंडळींनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या लोकांची चालसुद्धा मोजली. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर उठलो, जेवलो, झोपलो, यापलीकडे फारसं आठवायचं नाही. बायकांचं तसं नव्हतं, कारण घरकाम सुरूच होतं. त्यांचा दिवस भरलेला असायचा.

ही माणसं आळशी होती का? अजिबात नाही. गिरणी चालू असताना हीच माणसं काम करून वर पुस्तकं वाचायची.

याहोदाने पुढे यावर बरंच लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं: नोकरी पगार देतेच, पण न मागता आणखी काही देते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपली कुणाला तरी गरज आहे ही जाणीव, समाजात एक जागा. नोकरी गेली किंवा लागलीच नाही, की हे सगळं एकदम जातं. आणि हे गेलेलं असताना आपण एकट्याने खोलीत बसून "जोर लाव, जोर लाव" म्हणत राहतो. कसा लागणार?

म्हणून माझं मत असं की मोटिव्हेशनच्या मागे लागू नका. आधी तो आकार आणि ती माणसं परत मिळवा.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. 1975 मध्ये अमेरिकेत नेथन एझ्रिन आणि सहकाऱ्यांनी 'जॉब क्लब'चा प्रयोग छापला. नोकरी शोधणाऱ्यांनी रोज एकत्र जमायचं, जोड्या लावायच्या, फोन करताना शेजारी बसायचं, आपल्या उपयोगाची नसलेली जागा दुसऱ्याला सांगायची. दोन महिन्यांत क्लबमधल्या 90 टक्के लोकांना काम मिळालं, स्वतःचं स्वतः शोधणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांना. आता हा आकडा जसाच्या तसा हिंजवडीला लावू नका. काळ वेगळा, बाजार वेगळा. पण पद्धत घेण्यासारखी आहे.

आम्ही ती घेतली होती. कंपनीने कमी केल्यावर मी दहा महिने शोधत होतो. पुण्यात एका अभ्यासिकेशेजारच्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघं जमायचो. दोघं फ्रेशर, एक मेकॅनिकलचा, एक मी. दहा ते एक शोधायचं. एकनंतर नोकरीचा विषय बंद. ही वेळेची मर्यादा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण दिवसभर शोधतोय म्हणणारा माणूस खरं तर दिवसभर नुसता अपराधी वाटून घेत असतो.

मोजायचं काय, तेही ठरवलेलं. फोन किती आले हे कंपनीच्या हातात, ते वहीत लिहायचंच नाही. ओळखीच्या किती माणसांना लिहिलं, कुठला प्रॉब्लेम सोडवला, रेझ्युमे कुठल्या जागेसाठी बदलला, हे लिहायचं. एका बटणावर पन्नास अर्ज टाकले तर ते एक धरायचे. (यावर भांडणं झाली, पण नियम राहिला.)

आणि नकार आधीच धरून चालायचं. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी बेरोजगारांसाठी जी शिबिरं घेतली, त्यात हेच शिकवायचे: अडचण येणार, ती आली की काय करायचं हे आजच ठरवा. लस टोचून घेण्यासारखं. आमच्याकडे साधं होतं. "गुरुवारपर्यंत उत्तर नाही आलं तर एक मेल, मग ती जागा सोडून द्यायची."

टेबलावर माणसं असण्याचा खरा फायदा मात्र वेगळाच निघाला. आमच्यातल्या एकाला एका कन्सल्टन्सीचा फोन आला. पैसे भरा, तीन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देतो, जॉब पक्का. घरून दबाव, वर्ष उलटून गेलेलं, तो जवळजवळ तयार होता. सहज बोलता बोलता टेबलावर निघालं म्हणून कळलं. आजकाल बऱ्याच कंपन्या यूएएनवरून पीएफची नोंद बघतात. खोटा अनुभव तिथेच उघडा पडतो, मग नोकरीही जाते आणि भरलेले पैसेही. एकटा असता तर रात्री दोन वाजता त्याने पैसे पाठवून टाकले असते. आपलं डोकं रात्री दोनला कुणाचंही ऐकतं.

नातेवाइकांचं काय? गणपतीत काका विचारणारच, "काय चाललंय सध्या?" एक वाक्य पाठ करून ठेवा: "टेस्टिंगमध्ये शोधतोय काका, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" प्रश्न परत त्यांच्याकडे. अर्धे काका गप्प बसतात, एखादा खरंच नंबर देतो.

झोपच लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते टपरीवर सुटणारं नाही. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. लावा.

बाकीच्यांनी आज एवढंच करा. तुमच्यासारखाच शोधणारा एक जण आठवा आणि त्याला लिहा: "उद्या दहाला बसूया का? तू माझा रेझ्युमे बघ, मी तुझा बघतो." गावात असाल तर व्हिडिओ कॉल चालेल, कॅमेरा चालू ठेवून. कोण कोण बसलं ते मला कळवा. पुढच्या रविवारी भेटू.