रोजचे एक छायाचित्र



सोबती वारला की शोकसभेसाठी त्याचे छायाचित्र शोधण्याचे काम आमच्याकडे येते. पुष्कळदा हाती लागते ते गेटपासावरचे: मान ताठ, नजर गोठलेली. कारखान्याला ओळख पटावी म्हणून काढलेले तेवढे उरते. घरचा, गप्पांत रमलेला माणूस कोठेच सापडत नाही.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन याचे तसे झाले नाही. विद्यार्थी असताना, 31 मार्च 1979 पासून, तो पोलरॉइड कॅमेऱ्याने रोज एक छायाचित्र घेऊ लागला. पुढे चित्रपटाच्या कॅमेऱ्यावर पोट भरू लागला, तरी ही हौस सुटली नाही. मित्र, रस्ते, अखेरीस रुग्णालयाची खोली. 25 ऑक्टोबर 1997 रोजी, एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो कर्करोगाने गेला. मागे सहा हजारांवर छायाचित्रे राहिली. एकेकटे पाहता त्यांत विशेष काही नाही. ओळीने मांडली की अख्खे आयुष्य उभे राहते.

कामकऱ्याला हौस कशाला, असे विचारणारे आम्हांला भेटतात. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले, ही कामगार चळवळीची जुनी मागणी. ते तिसरे आठ तास ओव्हरटाइममध्येच विरले, तर लढलो कशासाठी?

आज खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, फिल्मचा खर्च नाही. रोज घ्या, पण एकच घ्या. म्हणजे आजच्या दिवसात आपले काय होते, हे ठरवावे लागते. ज्या दिवशी काहीच सापडणार नाही, त्या दिवशी युनियनच्या कचेरीत या. तो दिवस कोणी नेला, याचा जाब आपण मिळून विचारू.