सहीच्या वरचा मजकूर



अमेरिकेतल्या ऐतिहासिक व्यक्तींच्या सह्या आणि त्यांची पत्रे जमवण्याचा छंद, हा विषय मस्कतमधल्या तुमच्या मराठी मंडळाने मला दिला. मस्कतमध्ये बसून अमेरिकेच्या सह्यांविषयी बोलायचे, हे वरवर पाहता आडवाटेचे वाटेल. पण या किनाऱ्याची आणि त्या सह्यांची ओळख फार जुनी आहे, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

२१ सप्टेंबर १८३३ रोजी इथले राज्यकर्ते सय्यद सईद बिन सुलतान आणि अमेरिकेचे दूत एडमंड रॉबर्ट्स यांच्यात मस्कतमध्ये मैत्रीचा आणि व्यापाराचा तह झाला. रॉबर्ट्स मूळचे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथचे व्यापारी. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांना पूर्वेकडच्या राजदरबारांत पाठवले होते. तहाला अमेरिकेची मान्यता मिळाल्यावर ते ‘पीकॉक’ या युद्धनौकेतून पुन्हा इकडे निघाले. सप्टेंबर १८३५ मध्ये मसीरा बेटाजवळ जहाज खडकावर रुतले. ते हलके करण्यासाठी तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या आणि रॉबर्ट्स एका लहान होडीतून मस्कतला पोहोचले. अखेर ३० सप्टेंबरला मान्यतापत्रांची देवघेव झाली. एका सहीचा कागद योग्य हाती पोहोचवण्यासाठी माणसांनी काय सोसले, ते यावरून कळते. पुढच्याच वर्षी मकाव इथे रॉबर्ट्स वारले.

मग १८४० साली सय्यद सईद यांचे ‘सुलताना’ जहाज न्यूयॉर्कला गेले. हे जहाज मुंबईत बांधलेले होते, हे आपण लक्षात ठेवावे. ३० एप्रिलला ते तिथे लागले. दूत होते अहमद बिन नअमान. खजूर, लवंग, कॉफी, हस्तिदंत असा माल होता आणि राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यासाठी अरबी घोडे, मोती, गालिचे, अत्तर अशा भेटी होत्या. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसच्या संमतीशिवाय परक्या राजाची भेट स्वतःसाठी घेता येत नाही. त्यामुळे काँग्रेसची परवानगी घेऊन त्या भेटी देशाच्या नावाने स्वीकारल्या गेल्या. या सगळ्या प्रकरणात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पत्रे गेली. व्हॅन ब्युरेन यांची नुसती सही कापून चौकटीत लावली, तर यातले काय कळेल? काहीही कळणार नाही.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे. सही मोलाची असते ती तिच्या वरच्या मजकुरामुळे, आणि पत्र मोलाचे असते ते दोन्ही टोकांचा पत्रव्यवहार शिल्लक राहिला तर.

अमेरिकी संग्राहकांना हे कळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात तिथे सह्यांचे वेड होते. आल्बनीचे धर्मोपदेशक विल्यम स्प्रेग यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सर्व ५६ जणांच्या सह्या गोळा केल्या. असा पूर्ण संच करणारे ते पहिले मानले जातात. त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरच्या दप्तरातून वारसांच्या परवानगीने शेकडो मूळ पत्रे घेतली आणि त्यांच्या जागी नकला ठेवल्या. वॉशिंग्टन यांचे कागद संपादित करणारे जेरेड स्पार्क्स यांनी तर पुढचे पाऊल टाकले. वॉशिंग्टन यांनी पहिल्या शपथविधीसाठी तयार करून न वापरलेल्या भाषणाची हस्तलिखित पाने त्यांनी कापली आणि मागणाऱ्यांना तुकडे वाटले. अभ्यासक आजही ते तुकडे जुळवत आहेत. इतिहासाविषयी प्रेम असलेल्या विद्वान माणसाच्या हातून हे झाले, म्हणून मला ते अधिक दुःखाचे वाटते.

त्या काळचे एक पत्र डोळ्यांसमोर आणा. पाकीट नाही. एकच मोठा ताव, आत मजकूर, घडी घालून बाहेरच्या कोऱ्या बाजूवर पत्ता आणि लाखेची मोहोर. काँग्रेसच्या सभासदांना आणि बड्या अधिकाऱ्यांना टपाल माफ असे. त्यासाठी ते पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात सही करत. संग्राहक नेमका तो कोपरा कात्रीने कापत. कोपऱ्याबरोबर पत्ता जाई, मोहोर जाई आणि घडीच्या मागच्या ओळींचे शब्द जात. कागद उजेडात धरला की जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह दिसते, त्यावरून गिरणी आणि काळ ठरवता येतो. लोहयुक्त शाई लिहिताना फिकी असते, मग काळी होते, पुढे तांबूस होते आणि कधी कागदच खाऊन टाकते. खऱ्या हाताची रेघ न थबकता धावते. नक्कल करणाऱ्याची रेघ वळणावर अडखळते. ही सगळी साक्ष पूर्ण कागदाकडून मिळते. बोटभर तुकड्याकडून ती मिळत नाही.

नुसत्या सहीवर विसंबणे किती धोक्याचे आहे, त्याचा एक दाखला देतो. अमेरिकी सरकार सार्वजनिक जमीन विकून खरेदीदाराला पट्टा देई आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष सही करत. पट्टे इतके वाढले की मस्कतचा तह झाला त्याच वर्षी, मार्च १८३३ मध्ये, कायदा करून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सही करण्याचा अधिकार एका चिटणिसाला दिला गेला. त्यानंतरच्या पट्ट्यांवर ‘अँड्र्यू जॅक्सन’ हे नाव असते, पण हात चिटणिसाचा असतो. पट्टा अस्सल, सरकारी. तरी सही राष्ट्राध्यक्षांच्या हातची नव्हे. अब्राहम लिंकन खासगी पत्रांवर सहसा ‘ए. लिंकन’ लिहीत आणि सरकारी दस्तऐवजांवर पूर्ण नाव. फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाच्या इसमाने वॉशिंग्टन यांच्या बनावट सह्या विकून पोट भरले. तारीख, कागद, प्रसंग आणि कागद कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी, हे सगळे पाहिल्याशिवाय सहीवर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे ही शिस्त जुनी आहे. मी मोडी कागद वाचतो. शिवकालीन पत्रावर आजच्या अर्थाने सही नसते. मजकूर लेखनिकाच्या हातचा, माथ्यावर मुद्रा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ची मोर्तब. त्यामुळे अक्षराचे वळण, मायना, कालगणना, शिक्क्याची जागा हे सगळे तपासल्याशिवाय कागद खरा ठरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे शोधत, ती पूर्ण उतरवून छापत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून. राजवाड्यांना कागद हवा होता तो वाचण्यासाठी.

आता आपल्या माणसांची अमेरिकेतली पत्रे पाहू. आनंदीबाई जोशी यांनी २८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असे त्यांनी कळवले. त्यांचे वय तेव्हा अठरा. ते पत्र आज फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. संग्राहकाच्या दृष्टीने तो नुसता एका विद्यार्थिनीचा अर्ज होता. तो कोणी टाकून दिला नाही, म्हणून आज आपण आनंदीबाईंचे शब्द त्यांच्याच अक्षरात वाचतो.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची कैफियत नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली होती. तिच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली. पत्र आणि उत्तराची स्थळप्रत, दोन्ही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील संग्रहात एकत्र आहेत आणि कोणालाही संगणकावर पाहता येतात. दोन दडपलेल्या समाजांचे दोन विद्वान एकमेकांशी काय बोलले, ते आपल्याला दोन्ही टोके राहिली म्हणून कळते. जगातल्या कोणत्याही लिलावातल्या सहीपेक्षा मला ही दोन पाने मोठी वाटतात.

ज्यांना या छंदात उतरायचे आहे त्यांनी जरूर उतरावे. पूर्ण पत्र घ्या, कापलेली सही घेऊ नका. कागद कोणाकडून आला याची लेखी नोंद मागा. फ्रेम करून उन्हात टांगू नका, चिकटपट्टी लावू नका, आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवा. इथल्या उन्हाळ्यात वातानुकूलन बंद असलेल्या घरात कागद सोडून जाऊ नका. आणि भारतातल्या वडिलोपार्जित घरी जुने मोडी कागद असतील तर ते बॅगेत घालून इकडे आणू नका. ७५ वर्षांपेक्षा जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांची निर्यात १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला करता येत नाही. ते पुण्याच्या मंडळाला किंवा जवळच्या संशोधन संस्थेला दाखवा.

ओमानने २००७ साली राष्ट्रीय दस्तऐवज आणि अभिलेख प्राधिकरण स्थापन केले. घराघरांतले खासगी कागद नोंदवून जपण्याचे कामही ते करते. यजमान देशाकडून आपण हा धडा घ्यावा. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत तुमच्यापैकी अनेकांच्या घरांतून मस्कतहून सांगली, रत्नागिरी, मालवणला एरोग्राम गेले आणि तिकडून उत्तरे आली. पगार किती, पाणी कसे, मुलाची मुंज कधी, आई कशी आहे, हे सारे त्यांत आहे. त्यांवर कोणा राष्ट्राध्यक्षाची सही नाही. पण आखातात आलेल्या मराठी माणसाचा इतिहास त्यांतच आहे, तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

तुमच्या मंडळाला माझी विनंती आहे. सभासदांकडची अशी पत्रे, घरच्यांच्या संमतीने, पाकिटासकट स्कॅन करा. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, तारीख काय, एवढी नोंद प्रत्येकावर करा. आणि गावाकडे उरलेले दुसरे टोक या सुट्टीत शोधून आणा. एका कार्यकारिणीच्या मुदतीत होण्याजोगे हे काम आहे. ते याच वर्षी सुरू करा.