जहाजाचे तिकीट काढण्यापूर्वी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गोंदिया येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विवाह, शिक्षण, वसतिगृह, हुंडा अशा विषयांवर विचार मांडले जातात. यंदा चिटणिसांनी आम्हांस समुद्रप्रवासाविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. ज्या जिल्ह्यात डोंग्याहून मोठी होडी पाहावयाची तर नवेगावबांधच्या किंवा इटियाडोहच्या पाण्यावर जावे लागते, तेथे समुद्रावरील आलिशान जहाजाची चर्चा कशास? परंतु चिटणिसांचे म्हणणे ऐकून आम्ही गंभीर झालो. आपल्या समाजातील मुले-मुली आज पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरास नोकरीस आहेत. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, की ती हौसेने म्हणतात, ‘यंदा तुम्ही जहाजाने फिरून या.’ ज्यास हल्ली ‘क्रूझ’ म्हणतात, तो हा प्रवास. पैसे मुलांचे असोत वा धानाच्या चुकाऱ्याचे, ते घामाचेच असतात. ते कसे खर्चावेत, हे कोणीतरी सांगणे अवश्य आहे. आम्ही हा प्रवास एकदा केला आहे आणि त्यात दोन चुका केल्या आहेत. त्यांपैकी एकीचे मोल आम्ही दिले. दुसरीचे मोल दुसऱ्यांना द्यावे लागले. एवढाच आमचा अधिकार.

ज्ञातिसंस्थेने या विषयावर भाषण ठेवावे, यातही एक गंमत आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या ज्ञातीने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले. आणि जो कोणी त्यांना निरोप द्यावयास धक्क्यावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. त्याच्या पाचच वर्षे आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांनाही लोकनिंदा सोसावी लागली. एके काळी ज्ञाती समुद्र ओलांडणाऱ्यास दंड करीत असे. आज ती त्याला तिकीट कसे काढावे हे सांगण्यासाठी सभा भरवीत आहे. काळ पालटला, तो असा.

आता मूळ विषयाकडे वळतो.

आपल्या लोकांना सोयीचे बंदर मुंबईच. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागले, आणि रेल्वेच्या आयआरसीटीसीनेही त्याची तिकिटे विकावयास घेतली. त्यामुळे पासपोर्ट नसलेल्या माणसासही हा प्रवास शक्य झाला. मुंबई बंदरात इंदिरा गोदीवर नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ रोजी सुरू करण्यात आले. मात्र पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. म्हणून मुंबईचा हंगाम साधारणतः दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा समजावा. धानाची मळणी आटोपून जानेवारी-फेब्रुवारीत निघणे आपल्या शेतकरी बांधवांस सर्व दृष्टींनी सोयीचे.

पहिली गोष्ट भाड्याची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो, तो बहुधा एका माणसाचा असतो, एका खोलीचा नव्हे. आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून काढलेला. एकट्या माणसाने खोली घेतली, तर त्याला जवळजवळ दोघांचे भाडे पडते. त्या आकड्यावर बंदराचे शुल्क, सेवकांच्या बक्षिसाची ठरावीक रक्कम आणि कर निराळे चढतात. शाळेत आम्ही मुलांना व्यवहारी गणित शिकवीत असू. तसेच एक उदाहरण येथे करू. समजा, जाहिरातीतील आकडा २०,००० रुपये आहे. पतिपत्नींचे ४०,००० झाले. बंदरशुल्क, बक्षीस व कर मिळून ९,००० धरा. रेल्वेचे जाणे-येणे आणि मुंबईतील एक मुक्काम यांचे ८,००० धरा. किनाऱ्यावरील सहली आणि जहाजावरील किरकोळ खर्च यांचे १०,००० धरा. बेरीज ६७,००० होते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. परंतु वीस हजार वाचून निघालेल्या गृहस्थास सदुसष्ट हजार मोजावे लागतात, ही रीत मात्र खरी आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : ‘आम्हां दोघांना घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत तुम्हांला एकूण किती द्यावे लागतील, आणि त्यात काय काय येत नाही?’ जो विक्रेता या प्रश्नाचे लेखी उत्तर देत नाही, त्याच्याकडून तिकीट घेऊ नये.

दुसरी गोष्ट खोलीची. आणि येथेच आमची पहिली चूक झाली. जहाजावर खोल्या मुख्यत्वे चार प्रकारच्या असतात : आतील खोली, जिला खिडकीच नसते, समुद्राकडील खिडकीची खोली, गॅलरीची खोली, आणि त्याहून मोठ्या, श्रीमंती थाटाच्या खोल्या. सर्वांत स्वस्त ती आतील. आम्ही स्वस्त पाहून ती घेतली. खिडकी आहे की नाही, हे विचारलेसुद्धा नाही. आमच्या सौभाग्यवतींनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आम्ही पस्तीस वर्षे फळ्यावर अरबी समुद्र निळ्या खडूने रंगवला, पण पाहिला नव्हता आम्हीही. खोलीचे दार उघडून त्या आत गेल्या, चारही भिंतींकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाल्या, ‘ही तर आपली धानाची कोठी!’ त्यानंतर दोन्ही रात्री त्या पांघरूण घेऊन वरच्या उघड्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत बसून राहिल्या. तक्रार त्यांनी केली नाही. परंतु दोन-चार हजार वाचविण्यासाठी आम्ही ज्या गोष्टीकरिता निघालो तीच गमावली, हे आम्हांस कळून चुकले. ज्यांना केवळ झोपावयास खोली हवी, त्यांनी आतील खोली खुशाल घ्यावी. ज्यांच्या घरच्या माणसाला समुद्रच पाहावयाचा आहे, त्यांनी एखादा दिवस कमी करावा, पण खिडकी घ्यावी.

खोलीची जागाही पाहावी. ज्यास हेलकाव्याने मळमळते, त्याने जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली मागावी; तेथे हेलकावे कमी जाणवतात. नाचगाण्याच्या दिवाणखान्याच्या लगत वा खाली खोली घेऊ नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उद्वाहनाजवळची मागावी.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. देशांतर्गत प्रवासास सरकारी ओळखपत्र मूळ प्रत लागते. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर विसंबू नये. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः जुळावे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर पतीचे, तिसऱ्यावर नुसते घरचे नाव असते; ते आधी दुरुस्त करून घ्यावे. सिंगापूर वगैरे ठिकाणाहून जहाजात बसावयाचे असेल, तर पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा असावा. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशास स्पर्श करून पुन्हा पहिल्यात परततेे, तेव्हा पहिल्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे. परदेशी सहलीच्या रकमेवर विक्रेता प्राप्तिकराची काही रक्कम वसूल करतो. ती बुडत नाही. त्याची पावती जपून ठेवून विवरणपत्रात ती वजा मागावी.

चौथी गोष्ट प्रकृतीची. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे दोन दिवस अधिक पुरतील एवढी न्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान खोलीत पोहोचावयास काही तास लागतात. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते; म्हणून प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच घ्यावा आणि जुने आजार त्यात लपवू नयेत. गर्भवती भगिनींना बहुतेक कंपन्या सहाव्या महिन्यानंतर, आणि सहा महिन्यांच्या आतील तान्ह्या मुलांना मुळीच, घेत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्यास लागू शकत नाही; प्रवाशांना लहान होडीत उतरून जावे लागते. वृद्धांना ते झेपेल काय, याचा विचार घरीच करावा. उपवासाचे, कांदा-लसूण वर्ज्य असलेले वा शुद्ध शाकाहारी जेवण हवे असेल, तर तसे आरक्षणाच्या वेळीच लिहवून घ्यावे. घरची पुरी-चटणी बांधून नेण्याची आपली रीत जहाजावर बहुधा चालत नाही. आणि भर समुद्रात भ्रमणध्वनी जहाजाच्या उपग्रहाशी जोडला गेला, तर एका नातवाशी बोलण्याचे बिल रेल्वेच्या तिकिटाएवढे येऊ शकते. म्हणून बंदर सुटताच तो बंद ठेवावा.

पाचवी गोष्ट पैसे देण्याची. पैसे कंपनीच्या किंवा नोंदणीकृत प्रवासी संस्थेच्या खात्यावर द्यावेत. कोणाच्या खाजगी खात्यावर किंवा हातात रोख देऊ नयेत, तो आपल्या नात्यातला असला तरी. किंबहुना नात्यातला असला तर अधिकच जपावे, कारण मागाहून मागणे कठीण पडते. तिकीट रद्द केल्यास काय कापले जाते, तो तक्ता आधी वाचावा. तारीख जसजशी जवळ येते, तसतशी कपात वाढते, आणि अखेरच्या दिवसांत बहुधा काहीही परत मिळत नाही. वादळवाऱ्यामुळे एखादे बंदर गाळण्याचा अधिकार कप्तानास असतो. त्याबद्दल रुसू नये. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे, आणि आपल्या गोंदियातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. मात्र तेथे तोंडी वचन चालत नाही, पावती चालते.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. येथे आमची दुसरी चूक सांगणे प्राप्त आहे.

आमच्याबरोबर आपल्याच समाजातील एक दांपत्य येणार होते. शेतकरी माणसे, दोन हंगामांच्या चुकाऱ्यांतून बाजूला काढलेला पैसा. आमची बदली पूर्वी त्यांच्या गावी झाली होती, तेव्हापासूनचा घरोबा. गुरुजी म्हणून सर्व व्यवस्था त्यांनी आमच्यावर सोपविली. आमच्या पुतण्याचे घर मुंबईजवळ असल्याने आम्ही दोघे एक दिवस आधी गेलो. त्यांनी विचारले, ‘गुरुजी, आम्हीही आधी यावे काय?’ आम्ही म्हणालो, ‘लॉजचा खर्च कशास? रात्रीच्या गाडीने निघा. सकाळी मुंबई, दुपारी जहाज.’ गणित बरोबर होते. पण गोंदिया ते मुंबई हे अंतर साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्या रात्री वाटेत मार्ग बंद पडला. आम्ही धक्क्यावर त्यांची वाट पाहत होतो. दुपारी त्यांचा फोन आला, गाडी अजून इगतपुरीच्या अलीकडे उभी आहे. प्रवेशाची वेळ संपली. तेथील कर्मचाऱ्यांनी आपल्या परीने समजून घेतले; पण जहाज कोणाकरिता थांबत नाही, आणि थांबूही नये. आम्हांस आत जावे लागले. संध्याकाळी जहाज सुटले, तेव्हा मुंबईचे दिवे मागे पडत होते आणि ती दोघे त्या दिव्यांत कुठेतरी आपल्या पिशव्या घेऊन बसलेली होती. तिकिटाचा एक पैसाही परत मिळाला नाही.

त्या दांपत्याने आजवर आम्हांस एका शब्दाने दूषण दिले नाही. गावी भेटले, की तेच चहाला बोलावतात. तेच आम्हांस अधिक बोचते. आठशे-हजार रुपयांचा एक मुक्काम वाचविण्याचा सल्ला आम्ही दिला आणि दोन वर्षांची शिल्लक बुडविली. म्हणून हात जोडून सांगतो : जहाज ज्या दिवशी सुटते, त्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोहोचा. विमानाने जा वा रेल्वेने जा, पण आदल्या दिवशी. बाकी सर्व सूचना विसरलात तरी चालेल. ही विसरू नका.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढी कटकट असेल तर जावेच कशाला? आमचे उत्तर निराळे आहे. कर्ज काढून जाऊ नये, मुलीच्या शिक्षणाचा पैसा मोडून जाऊ नये, शेजाऱ्यास दाखविण्यासाठी तर मुळीच जाऊ नये. परंतु ज्यांनी आयुष्यभर बांध्यांतील गुडघाभर पाण्यात रोवणी केली, त्यांनी एकदा तरी ज्यास बांध नाही असे पाणी पाहावे, यात चैन आहे असे आम्हांस वाटत नाही. तो पैसा फुकट जाऊ नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

येत्या माघात आम्ही चौघे पुन्हा निघणार आहोत. त्या दोघांचे भाडे आम्ही भरले आहे. ते घेण्यास त्यांना राजी करावयास आम्हांस आठ महिने लागले. खोल्या खिडकीच्या आहेत. रेल्वेचे आरक्षण आदल्या दिवशी मुंबईस पोहोचेल असे आहे. पावत्या आमच्या सौभाग्यवतींपाशी आहेत, कारण आमच्या व्यवस्थेवर आता त्यांचा विश्वास उरलेला नाही. निरोप द्यावयास आपण गोंदियाच्या स्थानकावर अवश्य यावे. सव्वा रुपया दंड होणार नाही, याची हमी अध्यक्ष महाशय देतीलच.